ओरडा खाण्यासाठी खर्च सांगणारी माणसं : कोरियातल्या ‘भिकारी खोल्यां’चं प्रकरण

2023 च्या मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण कोरियाच्या वर्तमानपत्रांना एक मजेशीर विषय मिळाला. विशी-तिशीतली मुलंमुली फोनवर अनोळखी लोकांच्या गटात शिरत होती, दिवसभरात कशावर किती पैसे गेले ते तिथे लिहीत होती आणि बाकीचे त्यांना झापत होते. टॅक्सी केली? मग पाय काय शोभेला आहेत? कॉफी विकत घेतली? ऑफिसात फुकटच्या पुड्या असतात, त्या कुणासाठी? या गटांना नाव पडलं ‘गोजीबांग’, म्हणजे भिकाऱ्यांची खोली. अशा खोल्या शेकड्यांनी उघडल्या. विद्यार्थ्यांच्या वेगळ्या, नोकरदारांच्या वेगळ्या, काहींना तर आत यायला पासवर्ड.

आपल्याकडेही लोक नाव लपवून विचारतात, ‘पुण्यात दोघांना 80 हजार पुरतात का?’, आणि खाली घरभाडं, किराणा, हप्ता, गावी पाठवायचे पैसे असा सगळा ताळेबंद मांडतात. घरची गोष्ट घरातच ठेवायची असते असं लहानपणापासून ऐकलेली माणसं परक्यांपुढे वही का उघडतात, हा प्रश्न जुनाच आहे. कोरियाचं प्रकरण मी निवडलं, कारण तिथे या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर चालत नाही. नेहमीचं उत्तर असं : हिशेब ठेवायची शिस्त लागावी म्हणून. पण त्या मुलांचा हिशेब आधीच ठेवला जात होता, आणि तोही एक पैसा न चुकता.

खोलीत काय चालायचं

आपल्याकडे जे स्थान व्हॉट्सअॅपचं, ते कोरियात काकाओटॉकचं. 2010 मध्ये आलेलं हे अॅप आज जवळपास प्रत्येक फोनवर असतं. 2015 पासून त्यात ‘ओपन चॅट’ची सोय आहे. फोन नंबर न दाखवता, वेगळं नाव आणि वेगळा फोटो लावून कुठल्याही खोलीत जाता येतं, आणि एका खोलीत दीड हजारापर्यंत माणसं मावतात. आपले ओळखीचे लोक ज्या अॅपवर आहेत त्याच अॅपवर आपण बेनाव. गोजीबांगला हवं होतं ते सगळं इथे तयारच होतं.

खोलीचा मुख्य नियम नावातच असायचा. टोपणनावाशेजारी महिन्याची मर्यादा आणि आजवर झालेला खर्च लिहायचा. तीन लाख वॉनची मर्यादा, पैकी 1 लाख 12 हजार गेले, असं. रोज रात्री किंवा प्रत्येक खर्चानंतर आकडा बदलायचा. त्या वेळचे 1,000 वॉन म्हणजे साधारण 60-65 रुपये, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं वाचायला सोपं जाईल.

नमुन्यादाखल एक दिवस मांडतो. सकाळी सबवे 1,250. दुपारी सोयीच्या दुकानातला तिकोनी भात, त्याबरोबर कपातल्या शेवया. संध्याकाळी स्टारबक्सची साधी अमेरिकानो, 4,500. इथे खोली जागी होते. एकजण विचारतो, दोन हजारांत थंड कॉफी देणारी दुकानं गल्लोगल्ली असताना चिन्हाचे पैसे का भरलेत? दुसरा म्हणतो, ऑफिसातून निघण्याआधी बाटली भरून घेतली असतीत तर? तिसरा कॉफीचा फोटो पाठवतो आणि सांगतो की डोळ्यांनी प्या. ज्याने सैल हाताने विकतचा इमोटिकॉन वापरून हसू पाठवलं, त्याची पाळी त्यानंतर येते, कारण पैसे देऊन घेतलेला इमोटिकॉन हीसुद्धा चैनच. हे सगळं अहो-जाहो करत. अनोळखी माणसांत आदरार्थी बोलायची कोरियन रीत मोडत नाही आणि झापणंही थांबत नाही. निम्मी गंमत त्यातच आहे.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रकार. खर्च झाल्यावर कळवण्याऐवजी खर्चाआधी विचारायचं. तळलेलं चिकन मागवावंसं वाटतंय, मागवू का? बूट फाटलेत, नवे घेऊ का? ‘घेऊ का’ हा प्रश्न मोठ्या माणसाला विचारण्याचा आहे. तो प्रश्न पंचवीस-तीस वर्षांचा कमावता माणूस दीड हजार परक्यांना विचारतोय, हे या प्रकरणाचं मर्म आहे असं मी धरून चाललो आहे.

खिसा कशाने आवळला

याला पार्श्वभूमी अर्थातच महागाईची होती, आणि तिचे आकडे साधे आहेत. जुलै 2022 मध्ये कोरियात महागाईचा दर 6.3 टक्क्यांवर गेला, नोव्हेंबर 1998 नंतरचा सर्वात जास्त. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ऑगस्ट 2021 पर्यंत अर्ध्या टक्क्यावर होता. जानेवारी 2023 पर्यंत तो साडेतीन टक्के झाला. त्याच हिवाळ्यात घर गरम ठेवण्याची गॅसची बिलं अशी आली की लोक त्यांना ‘बॉम्ब’ म्हणू लागले. 1 फेब्रुवारी 2023 ला सोलमध्ये टॅक्सीचं किमान भाडं 3,800 वरून 4,800 वॉन झालं, वर किमान भाड्यातलं अंतरही दोन किलोमीटरवरून 1.6 किलोमीटरवर आणलं. दोन महिन्यांनी गोजीबांगमध्ये टॅक्सी हा सर्वात मोठा गुन्हा ठरावा, यात नवल नाही.

त्याआधीची दोन-तीन वर्षं मात्र उलटी होती. स्वस्त कर्जं होती, जानेवारी 2021 मध्ये कोरियन शेअर निर्देशांकाने पहिल्यांदा 3,000 ओलांडले, आभासी चलनाच्या गोष्टी कँटीनमध्ये रंगत. महागडी वस्तू घेतली की फोटो टाकून मिरवायचं, अशी तरुणांची तऱ्हा होती. ‘धूळ साठून डोंगर होतो’ ही तिथली म्हण बदलून मुलं म्हणायची, धूळ साठून धूळच होते. बचत करून घर होणार नाही हे ज्याला पटलंय, तो कॉफीत हात आखडता का घेईल? मग व्याजदर चढले, शेअर आणि घरांच्या किमती उतरल्या, आणि मिरवणं एकदम विचित्र दिसू लागलं. 2022 च्या उन्हाळ्यात ‘आज शून्य खर्च’ असं जाहीर करण्याची लाट आली. गोजीबांग तिची धाकटी बहीण.

पण महागाईने काटकसर समजते. ती चारचौघांत का करायची, हे समजत नाही.

हिशेबनीस होता, विचारणारं कुणी नव्हतं

कोरियात रोख नोट क्वचित दिसते. कार्ड घासलं की त्याच क्षणी फोनवर संदेश येतो. कार्डावर केलेल्या आणि पावती नोंदवलेल्या रोख खर्चाला आयकरात सवलत आहे : वर्षाच्या पगाराच्या 25 टक्क्यांवर जो खर्च होतो, त्यातला क्रेडिट कार्डाचा 15 टक्के आणि डेबिट कार्ड किंवा रोख पावतीचा 30 टक्के भाग ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्नातून वजा होतो. त्यामुळे दर जानेवारीत करखात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या वर्षभराच्या खर्चाची यादी तयार होऊन बसलेली असते. जानेवारी 2022 पासून ‘मायडेटा’ नावाची व्यवस्था सुरू झाली. तुमच्या परवानगीने सगळ्या बँका, कार्डं, विमा यांची माहिती एकाच अॅपमध्ये गोळा होते. टॉस, बँकसॅलड अशी अॅप्स महिन्याचा खर्च रंगीत वर्तुळात कापून दाखवतात. खाण्यावर इतका, प्रवासावर इतका.

वही, पेन, बेरजा यांची गरजच नाही. तरी लोक हाताने ‘कॉफी 4,500’ असं टंकून परक्यांना पाठवत होते.

कार्डाने खर्चाची टोचणी जाते, हे मानसशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या सीमेवर काम करणाऱ्यांनी बऱ्याच आधी मांडलेलं आहे. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1998 मध्ये पैसे देताना होणाऱ्या दुःखाचा हिशेब मांडला. पैसे देणं आणि वस्तू उपभोगणं यांच्यात अंतर पडलं की ते दुःख पातळ होतं. नोट हातातून जाताना दिसते, कार्ड हातात परत येतं. अॅपमधलं रंगीत वर्तुळ ती टोचणी परत आणू शकत नाही, कारण वर्तुळ कुणालाच काही विचारत नाही. गोजीबांगने ती टोचणी विकतच्या कॉफीला पुन्हा चिकटवली : घोट घेताना मनात येतं की आता हे लिहावं लागणार.

टोचणी द्यायला परकेच का? घरची माणसं काय वाईट होती?

इथे दोन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. पहिली : 2022 मध्ये कोरियातल्या कुटुंबांपैकी 34.5 टक्के कुटुंबं एकट्या माणसाची होती, साधारण 75 लाख घरं. पुढच्या वर्षी हे प्रमाण 35.5 टक्के झालं. ज्या घरात दुसरं माणूसच नाही, तिथे ‘ही पिशवी कसली आणलीस?’ असं कोण विचारणार. घरखर्च हा शब्दच जिथे दोन-चार माणसं गृहीत धरतो, तिथे एकट्याचं बजेट म्हणजे स्वतःच मंजूर करायचं आणि स्वतःच मोडायचं.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. चुसोक आणि सोल्लाल या मोठ्या सणांना कोरियन कुटुंबं एकत्र जमतात आणि काका-मामा-आत्या तरुणांना प्रश्न विचारून हैराण करतात. नोकरीचं काय झालं, लग्न कधी, मूल कधी. हे आपल्याला समजावून सांगायला नको. यावर तिथल्या मुलांनी ‘कटकटीचं दरपत्रक’ काढलं. हॉटेलच्या मेनूसारखं : शाळेच्या मार्कांबद्दल विचारायचं असेल तर एवढे पैसे मोजा, लग्नाबद्दल विचारायचं तर कितीतरी जास्त. सणाच्या आधी हे दरपत्रक फोनोफोनी फिरतं.

म्हणजे सख्ख्या मामाने विचारलं तर पैसे मागणारी पिढी परक्यांकडून फुकट बोलणी खायला रांग लावते. यात विसंगती वाटेल, पण मला तरी ती दिसत नाही. मामाच्या प्रश्नाला शेपूट असतं. आज टॅक्सीवरून बोलला की पुढच्या सणाला ती टॅक्सी, तुमची नोकरी आणि तुमच्या आईने केलेले लाड हे सगळं एका वाक्यात येतं. खोलीतला माणूस टॅक्सीवरून बोलतो आणि तिथेच संपवतो. त्याला तुमचं खरं नाव माहीत नाही, तुमच्या बापाचा पगार माहीत नाही, उद्या तो कुणाच्या लग्नात भेटणार नाही. ओरडा हवा होता, त्याबरोबर येणारं नातं नको होतं. घरात या दोन गोष्टी सुट्या मिळत नाहीत.

आणि इथे झापणाराही झापून घेणाराच. 2017 मध्ये किम सेंग-मिन या विनोदवीराने श्रोत्यांच्या महिन्याच्या पावत्या मागवून त्यांची चिरफाड करण्याचा कार्यक्रम गाजवला होता. तो पॉडकास्टवरून केबीएस वाहिनीवर गेला, आणि त्याचे ‘स्टुपिड’ आणि ‘ग्रेट’ हे दोन निकाल देशभर लोकांच्या तोंडी बसले. तिथे एक न्यायाधीश आणि बाकी आरोपी. खोलीत तसं नाही. ज्याने सकाळी तुमच्या कॉफीवर तोंडसुख घेतलं, त्याच्या रात्रीच्या बियरवर तुम्ही घेता. दुसऱ्याला बोलण्याचा हक्क स्वतःचा आकडा नावाशेजारी लावूनच मिळतो. पैशाबद्दल उपदेश करणाऱ्यांचं जे मुख्य दुखणं असतं, की उपदेशकाची स्वतःची वही कुणी पाहिलेली नसते, ते इथे आपोआप बरं झालं.

याआधीच्या पिढ्याही वह्या ताडून बघतच होत्या. कोरियातल्या बायकांच्या मासिकांच्या जानेवारी अंकाबरोबर घरखर्चाची वही भेट मिळायची. भिशीसारखाच ‘के’ नावाचा प्रकार तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि त्याच्या बैठकीत कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायचंच. शेजारच्या जपानमध्ये तर पत्रकार हानी मोतोको यांनी 1904 मध्ये घरखर्चाची वही छापली, आणि 1930 मध्ये त्यांच्या मासिकाच्या वाचक बायकांची देशभराची संघटना उभी राहिली. त्यात सभासद आपापले आकडे एकत्र बसून ताडून बघत आल्या, आजही बघतात. पण त्या एकमेकींना तोंडाने ओळखतात, एकमेकींच्या घरी जातात. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असत आणि ते आल्यागेल्याला दिसत. कुणाला त्यात संकोच वाटत नसे. हिशेब उघडा असणं ही नवी गोष्ट नाही. तो फक्त परक्यांपुढे उघडा आणि ओळखीच्यांपासून बंद असणं, हे नवं.

पगार नसलेली तुलना

1954 मध्ये लिऑन फेस्टिंगर यांनी मांडलं की मोजायला पक्कं माप नसेल तेव्हा माणूस आपल्यासारख्या इतरांकडे बघून स्वतःला मोजतो. महिन्याला खाण्यावर किती खर्च ‘बरोबर’, याला पक्कं माप नाहीच. म्हणून विद्यार्थी विद्यार्थ्यांच्या खोलीत शिरतो, नोकरदार नोकरदारांच्या.

खोलीत एक मोठा आकडा मात्र कधीच नसायचा. नावाशेजारी खर्च असे, पगार नसे. कोरियात पगार विचारणं आपल्यापेक्षाही अवघड, आणि खोलीनेही ते टाळलं. त्याचा फायदा असा झाला की सगळे एकाच पातळीवर आले. चार लाखांत महिना काढणारा शाबास आणि आठ लाख उडवणारा नालायक, पुढे प्रश्न नाही. तोटाही तोच. आठ लाखवाला रोज आजारी आईला भेटायला गाडीने जात असेल, चार लाखवाला आईच्या हातचं जेवत असेल. राहतं घर आईबापांचं असणं ही शहरातली सर्वात मोठी बचत असते, आणि ती कुठल्याही रकान्यात येत नाही.

हे मी मराठी लोकांनी मांडलेल्या ताळेबंदांतही पाहतो. तिथे पगार लिहितात, पण ‘घर स्वतःचं’ हे दोन शब्द शेवटी कुठेतरी येतात, आणि तोवर खालच्यांनी भाडेकरूला आळशी ठरवून टाकलेलं असतं.

गोजीबांगमधून लोक जे घेऊन जात ते माझ्या मते माप नव्हतंच. महिनाअखेरीला आपल्यासारखेच दीड हजार लोक दोन हजारांच्या कॉफीवर घुटमळतायत, हे दिसणं हीच कमाई. फोटोंच्या अॅपवर सगळे जेजू बेटावर सुट्टी घालवताना दिसतात, इथे सगळे कपातल्या शेवया खाताना. दोन्ही चित्रं अर्धवट, पण दुसऱ्या चित्राने झोप बरी लागते. स्वतःला भिकारी म्हणवून घेतलं की हातात पैसे नसणं हा अपमान न राहता खेळातला डाव होतो. 2023 च्या सुरुवातीला टॉस अॅपने आपल्या आसपास तेच अॅप उघडून उभ्या असलेल्या प्रत्येक माणसामागे 10 वॉन द्यायला सुरुवात केली. दहा वॉन म्हणजे साठ पैसे. त्यासाठी लोक फोन धरून घोळक्याने उभे राहिले. कुणी एकटा साठ पैशांसाठी फोन धरून उभा राहिला असता तर त्याला शरमेने मेल्यासारखं झालं असतं.

लग्नाचं पाकीट

एका प्रश्नावर मात्र कुठल्याही खोलीत ‘देऊ नका’ इतकं सोपं उत्तर चालत नाही : मित्राच्या लग्नात पाकिटात 50 हजार घालू की एक लाख?

कोरियात भेटवस्तूपेक्षा रोख पाकीट देतात, आकडा विषम धरतात, म्हणून 30, 50, 70 हजार आणि मग सरळ एक लाख. लग्नाच्या हॉलबाहेर टेबलावर वही असते, त्यात नाव आणि रक्कम नोंदवतात. पुढे स्वतःच्या घरी कार्य निघालं की ती वही काढून बघतात. महाराष्ट्रात आहेराच्या वहीचं नेमकं हेच काम. ‘त्यांनी आपल्या बाळूच्या मुंजीत 501 दिले होते’ हे वाक्य ज्या घरात झालेलं नाही, ते घर विरळा. सरकारी नोकरांना कुणी किती पाकीट द्यावं यावर तर कोरियात कायदाच आहे, आणि 2018 मध्ये ती मर्यादा एक लाखावरून 50 हजार वॉनवर आणली.

कॉफीबद्दल दीड हजार माणसांचं एकमत होतं, कारण कॉफीत दुसरा माणूस नाही. पाकिटात आहे. लग्नाला गेलं आणि तिथे जेवलं तर 50 हजार कमी दिसतात, कारण हॉलमधलं ताट महाग झालं. न जाता पाठवले तर 50 हजार चालतात. तो गेल्या वर्षी तुमच्या आजोबांच्या अंत्यविधीला आला होता का? तुम्ही रोज एका टेबलावर जेवता की फक्त एका मजल्यावर बसता? असं विचारत विचारत अनोळखी माणसं तुमच्या मैत्रीची किंमत ठरवायला बसतात. ज्या नात्यांपासून सुटका म्हणून खोलीत आलो, ती नाती पाकिटातून मागच्या दाराने आत येतात. माझा अंदाज असा, की घरखर्च उघड करणाऱ्यांना मनापासून विचारायचं असतं ते याच जातीचं काही. आईबापांना किती पाठवू, भावाला उसने देऊ का, लग्नाला जाऊ का. कॉफी त्या मानाने लिहायला सोपी असते.

खोलीला न दिसणारे पैसे

आता थोडं गणित. 2023 मध्ये कोरियाचं किमान वेतन तासाला 9,620 वॉन होतं. महिन्याचे 209 तास धरून ते 20 लाख 10 हजार 580 वॉन होतं, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या आसपास. पेन्शन, आरोग्यविमा वगैरे कापून 18 लाख आणि काही हजार हातात येतात. सोलमध्ये विद्यापीठाजवळ एका खोलीचं भाडं पाच-सहा लाख. रोज ऑफिसच्या दिवशी एक स्टारबक्स धरली तर महिन्याच्या 22 कॉफ्यांचे 99 हजार. खोलीने ही सवय पूर्ण मोडली तर 99 हजार वाचले, आणि ती रक्कम कमी नाही.

पण दुसरीकडे बघा. कोरियात ‘जॉन्से’ नावाची भाड्याची पद्धत आहे. घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम अनामत म्हणून घरमालकाला द्यायची, महिन्याचं भाडं नाही, दोन वर्षांनी सगळी रक्कम परत. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेतात त्याचंच भलंथोरलं रूप. तरुण माणूस ही रक्कम बँकेकडून कर्जाऊ घेतो. कर्ज 10 कोटी वॉन धरलं आणि व्याज दोन टक्क्यांनी वाढलं, तर वर्षाला 20 लाख, महिन्याला सुमारे 1 लाख 67 हजार वॉन जास्त जातात. महिन्याच्या सगळ्या कॉफ्या, आणि वर चिकनही. ऑगस्ट 2021 ते जानेवारी 2023 या काळात मध्यवर्ती बँकेचा दर तीन टक्क्यांनी चढला होता. ही वाढ बँक परस्पर कापून घेते. तिच्यावर ‘घेऊ का?’ असं विचारता येत नाही, म्हणून ती खोलीत येतच नाही.

आणि त्याच महिन्यांत जॉन्सेच्या फसवणुकीची प्रकरणं उघडी पडत होती. शेकडो घरं कर्जावर घेतलेल्या मालकांनी अनामती बुडवल्या. इंचॉनच्या मिचुहोल भागात फसलेल्या तीन तरुण भाडेकरूंनी फेब्रुवारी ते एप्रिल 2023 मध्ये आयुष्य संपवलं. 25 मे रोजी संसदेने पीडितांसाठी विशेष कायदा केला. वर्तमानपत्राच्या एका पानावर हे, दुसऱ्या पानावर गोजीबांगची गंमत. टॅक्सीच्या 4,800 वॉनवर शंभर माणसं तुटून पडत होती, आणि ज्या करारावर सही करताना कुणीतरी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं, तो करार नावाशेजारच्या आकड्यात कधी आलाच नाही.

हा खोलीचा दोष म्हणायचा का? मी म्हणणार नाही. परका माणूस पावतीएवढंच बघू शकतो. घराच्या करारावर बोलायला तुमचा पगार, कर्ज, आईबाप, मालकाचं नाव हे सगळं कळावं लागतं, आणि तेवढं सांगितलं की तो परका राहत नाही. पण काटकसरीच्या कौतुकात एक सोयीस्कर भाबडेपणा येतो, की मुलं कॉफी पितात म्हणून त्यांना घर होत नाही. हा समज भारतातल्या मागच्या पिढीतही भरपूर आहे, आणि गोजीबांगच्या बातम्या वाचून माना डोलावणाऱ्या कोरियन काकांतही असणार.

नावावर टीका झाली तीही रास्त होती. ज्यांच्याकडे खरंच नाही, त्यांच्या हलाखीचं सोंग कॉलेजची मुलं गंमत म्हणून घेतात, हे अनेकांना खटकलं. नोकरी गेलेल्या माणसाने खोलीत शिरून ‘तीन दिवस भातावर आहे’ लिहिलं आणि लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली, तर त्यात खेळ कुठे संपला हे कोण सांगणार? खोलीत सगळेच भिकारी असल्याने खरा भिकारी ओळखू येत नाही.

नंतर

कुठलीही खोली वर्षभर हसत ठेवणं अवघड. तेच ते विनोद झाले, टॅक्सीवाला विनोद शंभरदा झाला, आणि बातम्याही ओसरल्या. 2024 मध्ये रोखीने जगण्याची टूम आली. महिन्याच्या सुरुवातीला एटीएममधून नोटा काढायच्या, कप्प्यांच्या वहीत ‘खाणं’, ‘प्रवास’, ‘लग्नाची पाकिटं’ अशा चिठ्ठ्या लावून भरायच्या, आणि भरताना व्हिडिओ करायचा. चेहरा दिसत नाही, नखं रंगवलेले हात आणि नोटा तेवढ्या दिसतात. कार्डाने घालवलेली टोचणी यांनी स्वतःच परत आणली, बोलणी खाण्यासाठी खोलीची गरज ठेवली नाही. बघणारे मात्र लागतातच. घरभाडं, कर्जाचं व्याज आणि विमा या वहीतही बहुतेक नसतात. ते खात्यातून परस्पर जातात.